बेटावर काही आढळले नाही

गुरु. २९ मे
दक्षिणेकडच्या बेटावरच्या पेंग्विनांचं रक्त, चाळीस स्लाइड्स. आज १७ नंबरवर थांबले. तांबड्या पेशीत परजीवी, मलेरियाचाच भाऊबंद. तीनदा बघितलं, जेवण राहिलं. या बेटावर तो नाही असं सेन्सेईंनीच, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुखांनीच, मागे छापलंय.

शुक्र. ३० मे
२२ आणि ३१ मध्येही. फोटो काढले. शेजारच्या टेबलावरची ओगावा-सान मायक्रोस्कोपमधून बघून नुसती "हं" म्हणाली. नंतर हळूच, "मीटिंगच्या आधी सेन्सेईंना एकटी भेटून सांग." सांगते म्हटलं.

सोम. २ जून
नाही सांगितलं. सरळ मीटिंगमध्ये पडद्यावर फोटो. सेन्सेई म्हणाले, स्लाइडवरच्या रंगाचा कचरा असावा. पुढचा विषय.

मंगळ. ३ जून
घरी नवऱ्याला सांगितलं. अमोल म्हणाला, "इथे आधी कानावर घालतात, मीटिंगमध्ये फक्त माना डोलावतात, हे तूच मला शिकवलंस ना?" शिकवलं होतं. टोकियोत, तोयोसुच्या ऑफिसात तो पहिल्या वर्षी असाच तोंडावर पडला तेव्हा.
विसरले नव्हते मी. आधी सांगितलं असतं तर सोमवारी ते सेन्सेईंनी सांगितलं असतं आणि मी कोपऱ्यात बसून वहीत लिहीत राहिले असते. पाच वर्षं दुसऱ्यांच्या स्लाइड्स रंगवल्या. एकदा सगळ्यांसमोर मला सांगायचं होतं. एवढंच. लिहितानाही लाज वाटते.

बुध. ४ जून
रिपोर्टचा मसुदा आला. 'परजीवी आढळले नाहीत.' म्हणजे पुढच्या हंगामापासून त्या बेटाची तपासणी बंद, पथक दुसरीकडे. उरलेल्या रक्ताची डीएनए चाचणी करू द्या म्हणून अर्ज केला होता. सहीविना परत.
तिकडे पिल्लं पटापट मेली तरी बघायला कुणी नसणार. माझ्या मिरवण्यापायी. सेन्सेईंचा राग येतो, पण नुसत्या त्यांच्या रागावर भागत नाही.

गुरु. ५ जून
ओगावा-सान लिफ्टपाशी भेटली. बोलली ती बुटांकडे बघत. "चूक तुझी होती म्हण. त्यांना सापडू दे."
म्हणजे शोध माझा, नाव त्यांचं, वर माफी मी मागायची. दिवसभर धुमसत होते. घरी ईराने काहीतरी विचारलं, नेहमीप्रमाणे जपानीत. मराठीत बोल म्हणून तिच्यावरच खेकसले. पोरगी न जेवता झोपली.

शुक्र. ६ जून
रिपोर्ट पाचला जाणार होता. दोनला सेन्सेईंचं दार वाजवलं. वाकता येईल तेवढी वाकले.
"सेन्सेई, सोमवारी मी घाई केली. मला नीट कळलं नसावं. एकदा तुम्ही बघाल का?"
"ठेवा तिथे."
तिन्ही स्लाइड्स ठेवल्या. त्यांनी वर पाहिलं नाही.
"मूळ फोटो?"
"माझ्याकडे आहेत."
"तेही द्या. सगळे."
दिले. एक कॉपी ठेवावी असं मनात आलं होतं. ठेवली नाही, माफी खरी वाटावी म्हणून. फोटो छापायला मागितले की पुसायला, विचारायची सोय नाही.
पाचला रिपोर्ट गेला नाही. सहाला सेन्सेई खोलीला कुलूप लावून घरी गेले. जाताना मला म्हणाले, दमला असाल, विश्रांती घ्या.