मानेखालची कुरकुर

३ नोव्हेंबर
आले एकदाची! काचेच्या कारखान्यामागची खोली मिळाली आहे. खिडकी लहान, पण ऊन भरपूर. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, मधोमध भट्टी आणि भिंतीला टेकवलेल्या लोखंडी फुंकनळ्या. वस्ताद मोजकंच बोलतात. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आत मला जेवायला बसवलं. माझी पहिली फुलदाणी बटाट्यासारखी वाकडी निघाली. वस्ताद म्हणाले, असू दे, खिळे ठेवायला होईल. सगळे हसले, मीही.

९ नोव्हेंबर
हात बसतोय. आज दिव्याचा मोठा गोळा घेतला. काच घट्ट होत चालली होती. वस्ताद ओरडले, सोडू नकोस! मी जीव खाऊन फुंकलं आणि छातीत काहीतरी टचकन सुटलं. गोळा मात्र सुरेख उतरला. आता गिळताना दुखतंय.

१० नोव्हेंबर
मान सुजली आहे. बोटाने दाबलं की कातडीखाली कुरकुर होते, बारीक वाळूवर पाय पडावा तशी. आवाज नाकातून येतोय. वहिनींनी गळ्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. काय झालं, हे विचारलंच नाही. एवढंच म्हणाल्या, "वर आली?"

११ नोव्हेंबर
दवाखाना. डॉक्टरांनी फोटो दाखवले. फुप्फुसातून हवा गळून हृदयाभोवती साचली आहे, थोडी पाठीच्या कण्याच्या पोकळीतही शिरली आहे. म्हणाले, बहुतेकदा आपोआप जिरते. नळी तोंडाला लावायची नाही, पडून राहायचं. ताईला फोनवर सर्दी म्हणून सांगितलं. उगाच धावत येईल.

१४ नोव्हेंबर
जिरत नाही. वाढते आहे. नळीला मी हातही लावलेला नाही.
वहिनींना खनपटीला बसून विचारलं. त्यांचा भाऊ याच भट्टीवर होता. त्याचीही हवा अशीच कण्यातून चढली. डॉक्टर म्हणाले, संपलं. तरी त्याची छाती भरत होती, रिकामी होत होती. बराच वेळ. वस्तादांनी हाक मारली, तशा त्या उठून गेल्या.

१५ नोव्हेंबर
सुट्टी. भट्टी थंड. शेडमध्ये कुणी नाही.
तरी पाठीत हवा येते — हलकी फुंकर. थांबते. पुन्हा. घाई नाही. काम येणाऱ्या माणसाची फुंकर.

१६, सकाळ
ताईला सगळं सांगायला फोन लावला. तोंडातून आवाज निघाला तो — तिने विचारलं, कोण बोलतंय?
मग रडले. रडणं ओळखलं तिने. निघाली आहे.

१६, दुपार
श्वास रोखून पाहिला. छाती थांबायला हवी. थांबली नाही. भरतेच आहे —
मानेत. जिभेखाली —

ताई आली. दाराबाहेर हाका मारते आहे. तिला सांगायचंय, आत येऊ नकोस. ओठ दाबून धरलेत, पण आतून कुणीतरी फुंकतंय आणि तोंड उघडलं — माझ्याच आवाजात, अगदी गोड — ये ना ताई, दार उघडंच