बिस्किटाशेजारी मेथी

ती. आई,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. स्वयंपाकाची तयारी झाली, आणि तुमच्या ताटावरून माझी तुमच्या नातीशी जुंपली. म्हणून हे पत्र. रेवाची तक्रार तुमच्याशिवाय कुणाकडे करू?

दशक्रियेला गोदाकाठी कशा अडून बसला होतात! कावळे झाडावर, पिंड तसाच. संदीप म्हणाला, "आई, दिंडोरीची बाग विकणार नाही." कावळा ढिम्म. आत्या म्हणाल्या, "वहिनी, मी सगळ्यांना धरून राहीन." तरी नाही. मग आपली सहा वर्षांची रेवा पुढे झाली. "आजी, मी भाजी खाईन. खरंच." आणि कावळा खाली उतरला की हो! सगळे रडत होते, मला मात्र हसू आवरेना. तिच्या भाजीची काळजी तुम्हाला कधीपासून?

अहो, पोरीला बिघडवलंत तुम्हीच! ताट घेऊन घरभर तिच्यामागे धावायचं, हातात मोबाइल द्यायचा, आणि एवढं करून नाहीच खाल्लं तर चहात बुडवलेलं बिस्किट. मी काही बोलले की, "लेकरू हाय गं ते. पोटात काय तरी गेलं पायजे ना!" जीवच तसा होता तुमचा तिच्यावर.

शब्द दिला खरा, पण तेराव्यानंतर मेथी वाढली तर रेवा ओठ घट्ट मिटून बसली. आत्या म्हणाल्या, "आजीला शब्द दिलायस ना?" झालं! पोर हमसून हमसून रडायला लागली. "मी नाही खाल्लं तर आजी उपाशी राहील का?" मी तिला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "आजी पोटभर जेवली, बाळा. तू सावकाश खा. आज एकच घास."

तेवढंच धरून ठेवलं, आई. बिस्किटांचा डबा घरातून गेला, जेवताना मोबाइल कपाटात. मागे धावणं बंद. भूक लागली की येते आपसूक. तिला मेथी निवडायला बसवलं, भाकरी थापू दिली. स्वतः थापलेली ती वेडीवाकडी भाकरी मेथीशी पूर्ण खाल्लीन! तुमच्या लेकाचेही लाड संपले, त्याच्यासाठी वेगळा बटाटा नाही. कारल्याच्या दिवशी बापलेकीची तोंडं बघायला तुम्ही हव्या होतात. गवारीवरून अजून भांडण होतं. पण काल शाळेतून डबा रिकामा आला आणि वर तक्रार, "मेथी थोडीच दिलीस!"

आज तिला विचारलं, "आजीच्या ताटात काय वाढायचं गं?"

"बिस्किट."

"अगं, श्राद्धाच्या ताटात बिस्किट?"

"आजीला तेच आवडायचं!"

आमची जुंपली ती यावरूनच. शेवटी तीच मला समजावायला लागली, "आई, शेजारी थोडी मेथी पण ठेवू. एकच घास. आजीला पण होईल सवय हळूहळू."

मला रडू आलं, आई. आणि फार बरंही वाटलं.

तेव्हा उद्या तुम्हाला बिस्किट मिळेल, हा माझा शब्द. चहात बुडवूनच ठेवीन, आत्या काय म्हणतील ते मी बघून घेईन. पण मेथीचा घास तेवढा टाकू नका हं. पोर गच्चीत उभी राहून बघणार आहे.

तुमचीच सून,
वैशाली