एक वाजताचा पूल

सोमवार, ४ सप्टेंबर. सँ-झील, दक्षिण फ्रान्स.

बोट ताब्यात घेतली. नाव ‘जॉर्जेत’. भाड्याच्या ऑफिसातली मुलगी सगळं समजावून सांगायला लागली. तिला म्हटलं, बाळ, मी चाळीस वर्षं अख्ख्या आर्ल गावाला गाडी चालवायला शिकवलं आहे, स्टिअरिंग ते स्टिअरिंग. ती म्हणाली, साहेब, हिला ब्रेक नाहीत. हसलो. नवशिक्यांना घाबरवायची ही पद्धत मला ठाऊक आहे. मीही वापरायचो.

ब्रेक खरंच नाहीत. निघताना धक्क्याला किंचित घासली. धक्का तिथे जरा पुढे आलेला आहे.

मुलगी ओरडून विचारत होती, बोट चौघांची आहे, बाकीचे कुठे चढणार? ओरडूनच सांगितलं, बायको वाटेत चढेल. यात खोटं काही नाही. जोसेतला अजून माहीत नाही, एवढंच. ती फेब्रुवारीपासून सेतला बहिणीकडे आहे. बहिणीचा, म्हणजे ओदीलचा, गुडघा दुखतो. निदान शेजाऱ्यांना मी तसं सांगितलं आहे, आणि दुखतच असणार. त्या वयात कुणाचा दुखत नाही?

जोसेतला ही सहल फार वर्षं हवी होती. कालव्यातून सावकाश, डाव्या हाताला समुद्र, घाई कसलीच नाही. दर उन्हाळ्यात मी म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की. तर हे घ्या पुढचं वर्ष. बेत असा की रविवारी ‘जॉर्जेत’ सेतच्या बंदरात दिमाखात शिरते. डेकवर मी, रापलेला, दाढी केलेला. जोसेत बघते. पुढचं आपोआप होईल.

जेवायला डेकवर बसलो. ज्याने ही बोट बनवली तो जन्मात कधी घरी जेवला नसावा. टेबल वर आणि स्वयंपाकघर पायऱ्या उतरून खाली! ब्रेड खालीच राहिला. ब्रेडशिवाय जेवलो. वजनालाही बरं.

मंगळवार, ५ सप्टेंबर. एग-मोर्तच्या अलीकडे.

डासांनी फोडून काढलं. फ्लेमिंगोंचा रात्रभर कलकलाट. लोक यांचे फोटो काढायला लांबून येतात, इथे येऊन झोपून दाखवा म्हणावं.

आज नवीन संकल्प: पहाटे उठून डेकवर व्यायाम. उद्यापासून.

सकाळी जोसेतला बोटीचा फोटो पाठवला. खाली एक शब्दही लिहिला नाही. माणसाने थोडं गूढ राहावं.

दुपारी जेवायला बसलो. कालव्यापलीकडे मिठागरं, मिठाचे पांढरे डोंगर उभे, आणि माझ्या टोमॅटोवर मीठ नाही. मीठ खाली. अळणी टोमॅटोला स्वतःची अशी एक चव असते, हे कुणी सांगत नाही.

शेजारी एक डच जोडपं बोट बांधून आहे, विम आणि आनेके. बरी माणसं, पण संध्याकाळी सहाला जेवतात! उन्हात! मला बोलावलं. शिष्टाचार म्हणून गेलो, नाहीतर मला एकांत हवा आहे, मी त्यासाठीच आलो आहे. विम जेवताना सारखा उठतो. पाणी आण, पातेलं आण, आनेकेचा स्वेटर आण. मधेच भांडीही घासून आला. बिचारा. त्याला हळूच म्हटलं, अहो, बसा की दोन घास. तो म्हणाला, मी काल बसलो होतो, आज तिची बसायची पाळी. मी आनेकेकडे बघणं टाळलं. दुसऱ्याच्या घरातलं दुःख बघू नये.

आनेकेने विचारलं, तुमच्या मिसेस? सांगितलं, बहिणीचा गुडघा. मग दोन ग्लास झाल्यावर कसं कोण जाणे, ती फेब्रुवारीतली दुपार सांगून बसलो. जोसेत जेवता जेवता म्हणाली होती, रेजिस, मी उठते आहे. मी म्हटलं, येताना ब्रेडही आण. मला वाटलं, चीज आणायला गेली. चीज बराच वेळ आलं नाही. मग बाहेरचं दार वाजलं.

आनेके आणि विम एकमेकांकडे बघत राहिले. डच लोकांना चीजचा विषय निघाला की असं होत असेल.

परत आलो तर फोनवर मेसेज! जोसेतचा! तसाच्या तसा उतरवून ठेवतो: फोटो मिळाला. गुरुवारी दुपारी एकला फ्रोंतिन्यांचा पूल बोटींसाठी वर जातो. मी पलीकडच्या धक्क्यावर थांबते. पुलाखालून आलास तर चढेन, सेतपर्यंत बरोबर येईन. बोलायचंय. पण तू ये, रेजिस.

मी म्हटलं नव्हतं, आपोआप होईल? रविवारपर्यंत थांबावंही लागलं नाही.

बुधवार, ६ सप्टेंबर. पालावास.

व्यायाम राहिला. मन व्यायामाच्या जागी नव्हतं.

जोसेतला फोन करायचं सकाळीच ठरवलं होतं. पण सकाळी ती बाजारात असते. बाराला जेवणाची तयारी, मग जेवण, आणि जेवताना कुणाला फोन करणं म्हणजे तर असभ्यपणाची हद्द. दोननंतर खिडक्या लावून पडते. पाचला उठते, पण उठल्या उठल्या माणसाशी बोलू नये. मग सातला जेवणाआधीचा ग्लास, आठला बातम्या, पुन्हा जेवण. दिवस कसा गेला कळलं नाही. फेब्रुवारीपासून सगळे दिवस असेच जात आहेत. शेवटी मेसेज पाठवला: ठीक.

तिच्या मेसेजवर नीट विचार केला. एक वाजता! आपल्याकडे माणूस माणसाला दुपारी एकला भेटतो ते कशासाठी? जेवायला! पुलाबिलाचं तिने संकोचाने लिहिलं. इतक्या महिन्यांनी थेट ‘जेवायला येते’ असं कोण लिहील? आणि पूल काय, चारलाही वर जातो. एकला सुखासमाधानाने जेवायचं, थोडं पडायचं, मग चारला दोघांनी मिळून पुलाखालून जायचं. पलीकडून अलीकडे यायला पूल खाली असला की दोन मिनिटांचा रस्ता. तिला चालायची आवड आहे.

बाजारातून तिसऱ्या घेतल्या, ताज्या शिंपल्या. लसूण, पार्सली, पिकलेलं बकरीचं चीज. तिसऱ्यावाली म्हणाली, दादा, मिठाच्या पाण्यात ठेवा हं घरी गेल्यावर. हो हो म्हटलं. बायका एकमेकींच्या सवयी उचलतात. जोसेतही उगीच ठेवायची.

इथे नदी कालव्याला आडवी येते. ‘जॉर्जेत’ जरा फिरली. पूर्ण फिरली. काठावरच्या गळवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, काय हो, परत चाललात? म्हटलं, दृश्य बघतोय.

गुरुवार, ७ सप्टेंबर. फ्रोंतिन्यां. सकाळ.

पुलाच्या अलीकडे, धक्क्याला लागून, पहिला नंबर. समोरून सगळं स्पष्ट दिसतं. दाढी केली. निळा शर्ट. इस्त्री नाही, पण वाऱ्यावर सुरकुत्या जातात.

टेबल मांडलं. दोन ताटं, दोन ग्लास, मस्कत वाइनची थंड बाटली. मधे उठायला लागू नये म्हणून सगळं आधीच वर आणून ठेवलं. किती खेपा झाल्या मोजल्या नाहीत. गुडघे बोलायला लागले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण एवढी तयारी मी कधी केली नव्हती. आता बघून ती काय म्हणते!

विम आणि आनेके मागच्या बोटीत. हे लोक सुकाणू धरून उभ्या उभ्या सँडविच खातात. विम म्हणाला, एकला तयार राहा, पूल फार वेळ वर नसतो. त्याला डोळा मारला.

गुरुवार. संध्याकाळ.

सविस्तर लिहितो, म्हणजे नंतर वाचताना गोंधळ नको.

जोसेत आली होती. पलीकडच्या धक्क्यावर, पांढरी हॅट, हातात छोटी बॅग. बॅग! म्हणजे राहायच्या तयारीने. बारीक झाली आहे. छान दिसत होती. आधी थोडी मस्कत घेतली. मग तिसऱ्या वाढल्या, दोघांच्याही ताटात.

तेवढ्यात पूल वर गेला. मागच्या बोटी भोंगे वाजवायला लागल्या. मी हात करून सगळ्यांना पुढे जायला वाट दिली, रस्त्यावरची शिस्त मला कुणी शिकवायला नको. जोसेत हात हलवत होती, ये, ये. मी तिच्या ताटाकडे बोट दाखवत होतो, तू ये, तू ये. ती पाण्याकडे दाखवायची, मी तिसऱ्यांकडे. विम जाता जाता ओरडला, रेजिस, त्या बाई तुम्हाला बोलावताहेत! आनेके तर चक्क किंचाळली, अहो, उठा! मी म्हटलं, जेवतोय. वाढलेल्या ताटावरून कोण उठतं? गरम गरम तिसऱ्या टाकून?

पूल खाली आला.

मग मी म्हटलं होतं तेच झालं. जोसेत पुलावर आली. चालत, बॅग घेऊन. मी रुमाल झटकून तिच्या खुर्चीवर घातला. पण ती मधोमध थांबली, कठड्याला हात लावून, जवळजवळ माझ्या डोक्यावर. टेबल बघितलं. दोन ताटं बघितली. बराच वेळ बघत होती. तिला आवडलं, हे मी शपथेवर सांगतो.

मग म्हणाली, रेजिस, तू उठणार आहेस का?

मी म्हटलं, अगं, बस ना आधी, गार होतंय. आणि येताना खालून मीठ घेऊन ये, तेवढंच राहिलंय.

मागे गाड्यांचे हॉर्न. मग अगदी शांत आवाजात म्हणाली, सावकाश होऊ दे. आणि गेली. आली त्या बाजूला.

यावर मी दुपारभर विचार केला. रागावलेलं माणूस ‘सावकाश होऊ दे’ म्हणेल का? नाही म्हणणार. लक्षण चांगलं आहे. बहुधा ती जेवून आली असावी आणि सांगायला संकोचली.

तिसऱ्यांत वाळू होती. दोन्ही ताटं संपवली. करकर करत होत्या. मग जरा पडलो, आणि चारचा पूल झोपेत गेला.

शुक्रवार, ८ सप्टेंबर. फ्रोंतिन्यां.

वारा. पुढे खाजणाचं मोठं पाणी आहे, अशा वाऱ्यात भाड्याच्या बोटींना तिथे बंदी. विम-आनेके कालच पार झाले. धक्क्यावर मी एकटाच. दोर कुरकुरतात.

पुलावरून माणसं जातात. मी जेवत असलो की वरून म्हणतात, सावकाश होऊ द्या. चांगली पद्धत आहे आपली, अनोळखी माणूसही म्हणतो. टपालवाला म्हणाला. कुत्रा घेऊन जाणारी एक मुलगी म्हणाली. म्हणजे कुणीही कुणालाही म्हणतं.

हे लक्षात आल्यावर जेवण गेलं नाही.

एकटं वाटतंय. वाऱ्याने असं होतं, डॉक्टरही सांगतात.

संकल्प: जोसेतला परत गाडी चालवायला शिकवायची, या वेळी न ओरडता. पहिल्या वेळी मीच शिकवलं होतं. त्यानंतर तिने गाडीला हात लावला नाही.

शनिवार, ९ सप्टेंबर. सेत.

वारा पडला. सकाळच्या पुलाखालून गेलो. खालून तो कठडा दिसला. पुलाखाली जाताना मी उभा होतो, पूर्णवेळ उभा. बघायला कोणी नव्हतं.

सेतच्या बंदरात दिमाखात शिरायचं होतं. शिरलो. एका मासेमाराच्या होडीवर. तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही, पण माझ्या आईला तो ओळखत नव्हता एवढं नक्की.

ओदीलचं घर धक्क्यावरून दिसतं. खिडक्यांना निळ्या झडपा. आज जात नाही. शनिवारी लोक दमलेले असतात. उद्या रविवार, सगळे निवांत. उद्या साडेबाराला तिच्या दारात. काय बोलायचं तेही ठरवलं आहे. म्हणायचं, जोसेत, चल.

रविवार, १० सप्टेंबर.

साडेबाराला गेलो. निळा शर्ट. आता इस्त्रीची फारच गरज आहे.

झडपा अर्ध्या ओढलेल्या होत्या, खिडकी उघडी. आतून ताटांचा आवाज, सेतच्या ऑक्टोपस भरलेल्या पाईंचा वास. बसल्या होत्या जेवायला. रविवारचं जेवण! भर जेवणात दार वाजवणारा माणूस मी नाही. भिंतीला लागून उभा राहिलो, संपेपर्यंत.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ओदील म्हणाली, तू बस गं, मी आणते. आणि तुरुतुरु गेली. गुडघा बरा दिसतो. थोड्या वेळाने पुन्हा, तू बस, आज माझी पाळी. जोसेतला कुणी उठूच देत नाही. आधी वाटलं, आजारी आहे की काय बिचारी. मग ती हसली. मोठ्याने, मनापासून, दम लागेपर्यंत.

आमच्या टेबलावर ती अशी कधी हसली होती, ते आठवत होतो. आठवेल.

आत चीज आलं असावं, सुरी ताटावर वाजली. म्हणजे आता कॉफी, मग गप्पा, मग दुपारची झोप. मधे शिरायला जागाच नाही. परत आलो.

बोट संध्याकाळी इथल्याच ऑफिसात परत द्यायची आहे. टेबल अजून गुरुवारचंच मांडलेलं, दोन ताटं. कालचं उरलेलं जेवलो. बरं होतं. अळणी.

आता चीज. ते बकरीचं, पिकलेलं, तिच्यासाठी घेतलेलं. परत खाली फ्रिजमध्ये आहे.

बसलो आहे.