दार बुटकं झालंय

मास गुंतुर, माझ्या दादा,

तू मोठा भाऊ, तू सांगितलंस म्हणून इबूने, आपल्या आईने, मान डोलावली. ईदनंतर घर सोडायचं आणि तुझ्याकडे सेमारांगला यायचं. मी नाही डोलावली.

गेल्या आठवड्यात शाळेत हॉलंडच्या मुलांबरोबर व्हिडिओवर पाण्याचा तास झाला. भरतीचं पाणी आपल्या घरात कसं शिरतं, ते मी दाखवलं. फेम्के नावाची मुलगी म्हणाली, "अगं, मग निघून का जात नाही तुम्ही?"

"तुझं घर कुठंय?"

"समुद्राच्या पातळीखाली. पण आमच्याकडे बांध आहे ना!"

"मग जा काय म्हणतेस? बांध कसा घालतात ते सांग की!"

वर्ग खिदळला. बाईंनी डोळे वटारले. फेम्के मात्र लाजली, आणि तास संपेपर्यंत सांगत बसली.

बांध होईल तेव्हा होईल. त्या संध्याकाळपासून मी जमीन उंच करायला घरात मातीच्या पाट्या ओततेय. दुसऱ्या दिवशी इबूही बाह्या सारून आली. "भवाने, गुंतुरला काय सांगू आता?" म्हणत तिनंच पाटी उचलली.

काही सांगणार नाही आम्ही. हे पत्रही पाठवत नाही, दारावरच चिकटवून ठेवतेय. जमीन वर आली, दार बुटकं झालं. ईदला आलास की वाकून आत ये, नाहीतर कपाळ आपटेल.

इथेच असलेली,
रेत्नो