तुरुंगमंत्र्यांचा नवस

४ मार्च, मंगळवार
वाणसामान आणलं: नारळ दोन, तीन डॉलर अठ्ठ्याण्णव सेंट. तूरडाळ सात एकोणपन्नास. कापूर पाच डॉलर — अबब! फ्रिस्कोत देवही डॉलरमध्येच पुजायचा.
दुपारी शेजारचे ओबेंग साहेब आले. पश्चिम आफ्रिकेतल्या त्यांच्या देशात मंत्री होते. आता इथे लेकीकडे, अकोसुआकडे राहतात. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलाही सूट घालून निघतात! संध्याकाळी दोघं फिरायला जातात, तेव्हा आमच्या ह्यांनी माझ्या नवसांचं सांगितलं असणार. म्हणाले, "मॅडम, तुम्ही देवाला आधी वचन देता, काम झालं की फेडता. आमच्याकडे याला निवडणूक म्हणतात. फक्त फेडत नाहीत." मग हळूच — "मला पुन्हा मंत्रिपद मिळू दे, एवढं बोला."
मी बोलले. गणपतीला एकवीस मोदक.
हे म्हणाले, "माझ्या गुडघ्यासाठी कधी बोलली नाहीस!"

७ मार्च
चहावर साहेबांची सगळी कारकीर्द ऐकली. आधी मत्स्यमंत्री — मतदारसंघाला समुद्र नाही. मग वीजमंत्री — शपथ घेतानाच दिवे गेले. "मेणबत्तीत फोटो मात्र झकास आला!" मग पक्ष बदलला. जुना पक्ष परत निवडून आला आणि त्याने थेट तुरुंगात टाकलं. वर्षाहून जास्त. "जेवण भिकार, पण विरोधी पक्ष सगळा तिथेच. बैठका उत्तम व्हायच्या!" खूप हसले. मग बशीतला बिस्किटाचा चुराही बोटाने टिपून खाल्ला.

८ मार्च
अकोसुआ आली, हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून, त्याच कपड्यांत. "काकू, प्लीज, बोलावणं येऊ नये असं मागा. डॅडींना मी गजाआड पाहिलंय. पुन्हा नाही बघवणार." रडली पोर. तिलाही हो म्हटलं. तिचेही एकवीस.
एकाच गणपतीला दोन्हीकडून गळ घातली! हे म्हणतात, "झालीस तू पण राजकारणी."

११ मार्च
फोन आला! तिकडे राष्ट्रपती बदलले. साहेबांना खातं मिळालं — तुरुंग! "मॅडम, आता तिथलं जेवण सुधारतो." अकोसुआ दारातच उभी. बापाच्या सुटकेसला हात लावेना.

१३ मार्च
साहेब गेले. विमानतळाकडे निघताना गाडीतून असा हात हलवला, जणू रस्त्यावर गर्दी आहे. होतो आम्ही दोघं आणि पोस्टमन.
मोदक केले. अकोसुआने एकही खाल्ला नाही.

२९ मार्च
तिकडे सैन्य रस्त्यावर आलंय म्हणे. अकोसुआ कामावर गेली नाही.

२ एप्रिल
आज साहेबांचा फोन लागला. "तुरुंगातून बोलतोय," एवढंच म्हणाले आणि लाइन तुटली. मग लागलाच नाही. पोरगी आमच्या पायरीवर बसून आहे. खात्याच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं: साहेब, पाहणीला गेला आहात की आत आहात? उलट टपाली कळवा.