अळूचा टब

७ ऑक्टोबर, शनिवार
उत्कर्ष फ्रँकफर्टहून आला नाही. फोनवर म्हणाला, "पुढच्या शनिवारी नक्की. तोवर टबाला हात लावू नकोस, कंबर धरेल तुझी." म्हणजे काळजी आहे!
बाहेर चार डिग्री. बाल्कनीतला अळू अजून छत्रीएवढी पानं पसरून उभा. थंडीत एका दिवसात काळा पडेल. टब दोघांनी धरला तरच आत येतो — दर वर्षी तो पुढे, मी मागे, आणि उंबरठ्यावर भांडण.

८ ऑक्टोबर
टबाला जागा करायला खिडकीजवळचं लिहायचं टेबल सरकवलं. परत जागेवर आणलं. परत सरकवलं. ओवी दारातून बघत होती. जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा येतील तेव्हा कर ना." आणि थोड्या वेळाने, "आले तर."
सोळाची आहे. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, चालतं. पण हे मला कुठल्याच भाषेत नको होतं.

११ ऑक्टोबर
खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर जिन्यात भेटल्या. टबाचं रडगाणं गायले, तर त्या हसायलाच लागल्या. "अख्खा टब कशाला उचलता? पानं कापा, कंद काढा, खोक्यात घालून तळघरात ठेवा. वसंतात परत लावा."
"एकटीने?"
"गेनाऊ! अगदी एकटीने. चहा थंड व्हायच्या आत होतं."
आणि आम्ही इतकी वर्षं तो टब उचलतोय!
संध्याकाळी उत्कर्षचा फोन आला. सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर
का नाही सांगितलं? कारण तो म्हणेल — बरं झालं, मग मी येत नाही. फ्रँकफर्टची नोकरी लागली तेव्हा दर शुक्रवारी एर्लांगेनला घरी यायचा. मग एक शुक्रवार सोडून. मग कामापुरता. त्याला बोलवायला माझ्याकडे आता एवढंच उरलंय — एक जड टब.
डायरीबाहेरचं काही लिहायला बसले. एक ओळ नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार
नाही आला. "टब ठीक आहे ना?" टब!
या अळूच्या पहिल्या वर्षी मी वड्या केल्या होत्या. शोभेचा आहे, खायचा नाही, हे कुणाला ठाऊक! दोघांचे घसे असे खाजले — आमसूल चोखत हसत बसलो होतो, बोलता येईना.

१६ ऑक्टोबर
उद्या पहाटे उणे दोन.
कापला. पानं, देठ, सगळं. हात चिकाने अजून खाजतायत. कंद नारळाएवढा, लेकुरवाळा, अंगाला पिल्लं. कागदात गुंडाळून तळघरात ठेवले.
मग उत्कर्षला फोन करून सगळं सांगितलं. "उचलायला काही नाही आता. कामासाठी येऊ नकोस. यायचं असेल तर ये."
मी हाताला आमसूल चोळत राहिले.
"शनिवारी येतो," म्हणाला. कुठलंही काम नसताना!

२० ऑक्टोबर
पडदे धुतले. साटोरी केली, जमली नाही, परत केली. टेबल खिडकीजवळ. ओवी म्हणाली, "ममा, बस ना जरा!" चक्क मराठीत. बसले. उठले.

२१ ऑक्टोबर, शनिवार
आला. दारात दोन मोठ्या बॅगा. म्हणजे राहणार! सवयीने त्यातली एक आत घ्यायला गेले.
रिकामी होती. तो सरळ त्याच्या कपड्यांच्या कपाटाकडे गेला.