शाळेच्या लाऊडस्पीकरची वायर

अहो,

शिफ्टवरून आलात की जेवून घ्या, टोपात भात-आमटी हाय. नमूला घेऊन मी पेणला आईकडे चाललेय.

काल गॅदरिंगमध्ये नमूचा नाच होता. तिकीट नाय म्हणून हेडमास्तरांनी मला शाळेच्या फाटकातूनच परत पाठवलं. पोटच्या पोरीला बघायला तिकीट! मग परसात उभी राहून नुसतं गाणं ऐकलं. त्या लाऊडस्पीकरची वायर आपल्याच घरातून नेलेली!

पोरांचे नाच झाले. आज संध्याकाळी फक्त हेडमास्तरांचं भाषण हाय. आपल्या घराचा फ्यूज काढून मी पर्समध्ये घातलाय, कारण ते हात जोडतील आणि तुम्ही विरघळाल. तुमच्यासाठी कंदील भरून ठेवलाय.

ते आले तर फाटकातूनच परत पाठवा. म्हणावं, मोठ्याने बोला. पेणपर्यंत ऐकू आलं तर टाळ्या वाजवीन.

सगुणा